व्हायरस वाढले, फसवणूक वाढली. मग क्विक हीलची कमाई का अडकली?

घरात कधीकाळी डेस्कटॉप कॉम्प्युटर असेल, तर क्विक हील हे नाव तुम्ही नक्की ऐकलं असेल. पुण्यातली कंपनी, मराठी भावांनी उभी केलेली. दुकानात बॉक्स मिळायचा, आत सीडी आणि एक लांबलचक नंबर. तो टाकला की वर्षभर काळजी नाही.

आता यातली अर्धी मुलं डीमॅट अकाउंट उघडून बसली आहेत. फोनवर शेअर घ्यायचं अॅप आहे आणि मनात विचार साधा आहे: सायबर गुन्हे रोज वाढतायत, म्हणजे सिक्युरिटी कंपनीचे दिवस आले. नाव ओळखीचं आहे, आपल्याकडचंच आहे, घेऊन टाकू.

हा विचार वरवर एकदम बरोबर वाटतो. पण बाजारातले जुने गुंतवणूकदार गेली कित्येक वर्षं याच कंपनीकडे शंकेने बघतायत. कंपनीचं सॉफ्टवेअर चालतं की नाही, हा त्यांचा मुद्दा नाहीच. त्यांचा प्रश्न एवढाच आहे की पुढचे पैसे येणार कुठून? हा प्रश्न नीट समजून घेतला तर तुमच्या फोनची सुरक्षा कोण सांभाळतंय आणि त्याचे पैसे कोण देतंय, हेही कळतं. म्हणून आज हा विषय.

(हा शेअर घ्या किंवा विका असा सल्ला मी देत नाहीये. तो देण्याचा अधिकारही मला नाही.)

आधी आकडे बघूया

महसूल म्हणजे विक्रीतून आलेले एकूण पैसे, आणि नफा म्हणजे सगळा खर्च आणि कर वजा जाता उरलेले. क्विक हीलचे अंदाजे आकडे असे आहेत:

• २०२१-२२ : महसूल ३४२ कोटी रुपये, नफा ८३ कोटी
• २०२२-२३ : महसूल २७८ कोटी, नफा ६ कोटी
• २०२३-२४ : महसूल २९२ कोटी, नफा २४ कोटी
• २०२४-२५ : महसूल २८० कोटी, नफा ५ कोटी

पहिल्या दोन ओळी परत वाचा. महसूल ६४ कोटींनी कमी झाला, आणि नफा? तो ७७ कोटींनी खाली आला. विक्री जितकी घटली त्यापेक्षा नफा जास्त घटला, हे कसं काय?

सॉफ्टवेअरच्या धंद्याचं गणित वेगळं असतं. वडापाववाल्याचे शंभर वडे कमी खपले तर त्याचं बटाटा-बेसनही वाचतं. सॉफ्टवेअरची एक जास्तीची कॉपी बनवायला जवळजवळ काहीच खर्च येत नाही, त्यामुळे विक्री कमी झाली म्हणून खर्च वाचत नाही. इंजिनिअरांचे पगार, लॅब, सर्व्हर हे सगळं तसंच चालू राहतं. चांगल्या दिवसांत हेच गणित नफा धो-धो वाढवतं आणि वाईट दिवसांत तितक्याच जोरात पाडतं. त्यात नवीन प्रॉडक्ट बनवायला माणसं घेतली, संशोधनावरचा खर्च वाढवला, की नफ्यावर दोन्हीकडून मार बसतो.

आणखी एक गोष्ट. २०१६ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली त्या सुमारासही महसूल ३०० कोटींच्या आसपासच होता. म्हणजे मधल्या काळात चढ-उतार झाले, पण कंपनी फिरून तिथेच आली. या वर्षांत पेट्रोल, भाडं, पगार सगळं किती वाढलं ते तुम्हाला माहीत आहे. महागाई धरली तर तिथेच राहणं म्हणजे खरं तर मागे जाणं.

कंपनी उभी कशी राहिली?

ही गोष्ट भारीच आहे. कैलाश काटकर मूळचे साताऱ्याजवळच्या रहिमतपूरचे, वाढले पुण्यात. कॉलेजात न जाता ते कॅल्क्युलेटर दुरुस्त करायच्या दुकानात कामाला लागले. नंतर स्वतःचं दुरुस्तीचं काम सुरू केलं आणि हळूहळू कॉम्प्युटर दुरुस्तीकडे वळले. धाकटे भाऊ संजय कॉम्प्युटर शिकत होते. दुरुस्तीला येणाऱ्या मशिनांमध्ये व्हायरस सापडायला लागले, तेव्हा संजय यांनी ते काढायचे प्रोग्राम लिहिले. त्यातून नव्वदच्या दशकात क्विक हील अँटीव्हायरस तयार झालं. कंपनीचं नाव तेव्हा कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस होतं. २००७ मध्ये ते क्विक हील टेक्नॉलॉजीज झालं. २०१० मध्ये सिकोया या मोठ्या गुंतवणूकदाराने यात ६० कोटी रुपये घातले.

यशाचं कारण तंत्रज्ञान होतंच, पण दुसरं तितकंच मोठं कारण होतं दुकानदार. क्विक हीलने गावोगावच्या कॉम्प्युटर विकणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या लोकांचं जाळं विणलं. नवीन मशिन घेतलं की दुकानदारच सांगायचा, "अँटीव्हायरस टाकून देतो." त्याला कमिशन मिळायचं, ग्राहकाला ओळखीचा माणूस मिळायचा. परदेशी कंपन्यांना हे जमलं नाही.

पण हे जाळं एका गोष्टीवर टांगलेलं होतं: लोक दुकानात जाऊन कॉम्प्युटर घेतील, यावर.

२०१६ : एकाच वर्षात दोन गोष्टी

फेब्रुवारी २०१६ मध्ये क्विक हीलचा आयपीओ आला. एका शेअरला ३२१ रुपये. मागणी उपलब्ध शेअरच्या कितीतरी पट आली. पण १८ फेब्रुवारीला शेअर बाजारात आला तो ३०५ च्या आसपास उघडला, आणि दिवस संपताना सुमारे २५४ वर होता. पहिल्याच दिवशी पाचवा हिस्सा साफ. शंका तेव्हापासूनची आहे, आजची नाही.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जिओ सुरू झालं. फुकट डेटा, मग स्वस्त डेटा. पुढच्या काही वर्षांत कोट्यवधी भारतीय पहिल्यांदा ऑनलाइन आले, आणि ते आले थेट फोनवरून. मधली कॉम्प्युटरची पायरी त्यांनी चढलीच नाही. तुमच्यातल्या बऱ्याच जणांचा पहिला कॉम्प्युटर हा फोनच आहे ना?

क्विक हीलसाठी ही मोठी अडचण ठरली. इंटरनेट वापरणारे वाढले की अँटीव्हायरसचे ग्राहक वाढतील, हे गृहीत होतं. वापरणारे वाढले, पण जिथे अँटीव्हायरस विकलं जायचं त्या काउंटरवर ते आलेच नाहीत.

फुकटाशी स्पर्धा

आता तुम्ही म्हणाल, मग फोनसाठी अँटीव्हायरस विकायचं की! क्विक हीलचं मोबाइलसाठीचं अॅप आहेच. पण इथे दोन भिंती आहेत.

पहिली भिंत तांत्रिक. अँड्रॉइडमध्ये प्रत्येक अॅप आपापल्या बंद खोलीत चालतं. एका अॅपला दुसऱ्याच्या खोलीत डोकावता येत नाही. हे सुरक्षेसाठी चांगलं आहे, पण अँटीव्हायरसही शेवटी एक अॅपच. कॉम्प्युटरवर त्याला जशी सगळ्या घराची किल्ली मिळायची, तशी इथे मिळत नाही. आयफोनवर तर आणखी कमी वाव.

दुसरी भिंत पैशांची. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, मायक्रोसॉफ्टचं डिफेंडर विंडोजबरोबरच फुकट येतं. सुरुवातीला ते फार भारी नव्हतं, पण आता घरगुती वापरासाठी ते पुरेसं आहे असं बरेच जाणकार म्हणतात. फोनवर गुगलचं प्ले प्रोटेक्ट २०१७ पासून आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये गुगलने भारतात एक प्रयोगही जाहीर केला: प्ले स्टोअरबाहेरून टाकलेलं अॅप मेसेज वाचण्यासारख्या धोकादायक परवानग्या मागत असेल, तर ते टाकतानाच अडवायचं. त्याच्या काही दिवस आधी एअरटेलने स्पॅम कॉल ओळखायची सोय ग्राहकांना फुकट दिली.

यातली एकही कंपनी सुरक्षा विकून जगत नाही. मायक्रोसॉफ्टचा धंदा विंडोज आणि क्लाउडचा, गुगलचा जाहिरातींचा, एअरटेलचा रिचार्जचा. त्यांना सुरक्षा ही आपला मुख्य धंदा सांभाळण्यासाठी लागते, म्हणून ती त्यांना फुकट वाटणं परवडतं. ज्याचा तोच एकमेव धंदा आहे त्याने काय करायचं?

माझ्या स्वतःच्या फोनमध्ये पैसे देऊन घेतलेलं एकही सिक्युरिटी अॅप नाही. तुमच्या फोनमध्ये आहे का? गुंतवणूकदारांची शंका एका ओळीत सांगायची तर ती हीच.

चोरी ८० पट, मग पैसे कुठे जातात?

केंद्रीय गृह मंत्रालयाने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०२४ मध्ये सायबर फसवणुकीत भारतीयांचे सुमारे २२,८४५ कोटी रुपये गेले. २०२३ मध्ये हाच आकडा सुमारे ७,४६५ कोटी होता. एका वर्षात तिप्पट!

आता २२,८४५ कोटींशेजारी क्विक हीलचे २८० कोटी ठेवा. चोरांनी नेलेले पैसे कंपनीच्या वर्षभराच्या महसुलाच्या जवळपास ८० पट आहेत. आणि चोरी तिप्पट होत असताना कंपनीची कमाई जागच्या जागी. "गुन्हे वाढले की सिक्युरिटी कंपनी वाढणार" हे गणित इथेच मोडतं.

कारण चोरीची पद्धत बदलली. पूर्वी व्हायरस मशिनला फसवायचा. आता भामटे माणसाला फसवतात. डिजिटल अरेस्टच्या नावाखाली व्हिडिओ कॉलवर खोटा पोलीस बसतो आणि घाबरलेला माणूस स्वतःच्या हाताने पैसे पाठवतो. टेलिग्रामवर टास्क देणारे, शेअर बाजारात दामदुप्पट करून देणारे, सगळे हेच करतात. यूपीआय पिन तुम्हीच टाकता. मशिनच्या दृष्टीने ते एकदम खरं पेमेंट असतं, त्यात काढायला व्हायरसच नसतो.

जिथे अजूनही खरं मालवेअर असतं अशी एक मोठी जागा म्हणजे व्हॉट्सअॅपवर येणाऱ्या एपीके फाइली: आरटीओचं चलान, लग्नाची पत्रिका, बँकेचं केवायसी अशा नावांच्या. फाइल उघडून अॅप टाकलं की ते मेसेज वाचतं आणि ओटीपी पळवतं. इथे अँटीव्हायरस खरंच कामाचं आहे. पण अशा फाइलवर क्लिक करणारे बहुतेक जण वर्षाची फी भरून अँटीव्हायरस घेणारे नसतात. ज्याला सगळ्यात जास्त गरज आहे तो पैसे देत नाही, आणि ज्याला धोका कळतो तो फुकटात भागवतो.

कंपनीला हे कळत नाही असं अजिबात नाही. २०२४ च्या शेवटी त्यांनी खास फसवणूक रोखण्यासाठी अँटीफ्रॉड डॉट एआय हे वेगळं प्रॉडक्ट आणलं. दिशा बरोबर आहे. पण ते किती लोक पैसे देऊन घेतील, याचं उत्तर आकड्यांतूनच मिळेल.

मग मोठ्या ग्राहकांना विका!

हाच कंपनीचा खरा डाव आहे. २०१५ पासून सेक्राइट या नावाने कंपन्या, बँका, सरकारी खाती यांना सुरक्षा विकली जाते. घरगुती ग्राहकांकडून येणारा वाटा हळूहळू कमी आणि या विभागाचा वाटा जास्त होत चाललाय. तरीही २०२३-२४ मध्ये अर्ध्याहून जास्त महसूल घरगुती ग्राहकांकडूनच आला. म्हणजे नवं घर बांधताना जुन्या घराच्या भाड्यावर जगावं लागतंय, आणि जुन्या घराचे भाडेकरू सोडून चाललेत.

नव्या घरातही शेजारी साधे नाहीत. अमेरिकेच्या क्राउडस्ट्राइकचा जानेवारी २०२४ ला संपलेल्या वर्षाचा महसूल ३०० कोटी डॉलरच्या पुढे होता. रुपयात हिशेब केला तर क्विक हील वर्षभरात जेवढे कमावते तेवढे क्राउडस्ट्राइक साधारण चार-पाच दिवसांत कमावते. संशोधनावर कोण किती खर्च करू शकेल याचा अंदाज तुम्हीच करा.

दुसरं, मोठ्या ग्राहकाला विकणं म्हणजे दुकानात बॉक्स विकणं नव्हे. टेंडर, चाचण्या, मंजुरी यात महिने जातात. सरकारी ऑर्डर मार्चऐवजी एप्रिलमध्ये आली तर एक तिमाही ओस आणि पुढची भरलेली. महसूल असा उड्या मारतो तेव्हा पुढच्या वर्षाचा अंदाज बांधणं कठीण होतं, आणि गुंतवणूकदाराला अनिश्चिततेइतकं दुसरं काही नकोसं नसतं.

तिसरं, एकदा बसवलेली यंत्रणा कंपन्या सहज बदलत नाहीत. १९ जुलै २०२४ आठवतोय? क्राउडस्ट्राइकच्या एका चुकीच्या अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर बंद पडले. आपल्याकडे काही विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. एवढं होऊनही त्यांचे ग्राहक पळून गेले नाहीत. त्या वर्षी त्यांचा महसूल उलट वाढला. जो आधी आत शिरलाय त्याला ही चिकट सवय फायद्याची. जो दाराबाहेर उभा आहे त्याच्यासाठी तोच अडसर.

पैसे आहेत, पण लावायचे कुठे?

ही गोष्ट मला सगळ्यात बोलकी वाटते. २०१६ च्या सुमारे ४५१ कोटींच्या आयपीओमधले २५० कोटी कंपनीला नव्याने मिळाले. बाकीचे जुन्या भागधारकांनी आपले शेअर विकून घेतले. त्यानंतर कंपनीने तीनदा बायबॅक केलं, म्हणजे लोकांकडून आपलेच शेअर परत विकत घेतले: २०१९ मध्ये १७५ कोटी, २०२१ मध्ये १५५ कोटी, २०२२ मध्ये १५० कोटी. एकूण ४८० कोटी रुपये.

म्हणजे बाजारातून नव्याने घेतलेल्या पैशांच्या जवळपास दुप्पट पैसे परत दिले. एका बाजूने ही प्रामाणिक गोष्ट आहे: उगाच पैसे उडवण्यापेक्षा मालकांना परत दिलेले बरे. कंपनीवर कर्ज नाही, हेही मोठंच. पण दुसऱ्या बाजूने प्रश्न पडतो. जग सायबर सुरक्षेवर प्रचंड खर्च करत असताना या क्षेत्रातल्या कंपनीला ४८० कोटी वाढीसाठी वापरावेसे का वाटले नाहीत?

शिवाय ७० टक्क्यांहून जास्त शेअर काटकर कुटुंबाकडे आहेत. त्यामुळे बाजारात फिरणारे शेअर थोडे, आणि थोड्याशा खरेदी-विक्रीनेही भाव जोरात हलतो. २०२४ मध्ये सायबर सुरक्षेची हवा होती तेव्हा हा शेअर ६०० च्या वर गेला होता. २०२५ च्या सुरुवातीला तो परत आयपीओच्या किमतीजवळ आला. मधल्या काळात वरच्या भावाला ज्यांनी घेतला, त्यात "नाव ओळखीचं आहे" म्हणून घेणारे किती असतील?

दुसरी बाजूही ऐका

शंका आहे म्हणजे कंपनी बुडाली असं नाही. बाजूने बोलणाऱ्यांचे मुद्देही वजनदार आहेत.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये आला. ग्राहकांच्या डेटाची नीट सुरक्षा न ठेवणाऱ्याला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. सेबीनेही २०२४ मध्ये ब्रोकर आणि इतर संस्थांसाठी सायबर सुरक्षेची नवी चौकट आणली. छोट्या ब्रोकरला, सहकारी बँकेला, जिल्ह्याच्या हॉस्पिटलला आता काहीतरी घ्यावंच लागेल, आणि क्राउडस्ट्राइक प्रत्येकाच्या खिशाला परवडणार नाही. तिथे फोन केल्यावर मराठीत किंवा हिंदीत बोलणारा, ओळखीच्या डीलरमार्फत येणारा भारतीय पर्याय चालू शकतो. दुकानदारांचं ते जुनं जाळं इथे परत कामाला येऊ शकतं.

शिवाय भारतात तयार होणारं मालवेअर भारतातच बसून तपासणारी लॅब पुण्यात असणं याची किंमत फक्त शेअरच्या भावात मोजता येत नाही. खोट्या आरटीओ चलानची मराठी भाषा कॅलिफोर्नियातल्या माणसाला तितकी पटकन कळणार नाही. सगळी सुरक्षा दोन-तीन परदेशी कंपन्यांच्या फुकट सोयींवर सोडून द्यायची का, हाही प्रश्न आहेच.

मला वाटतं, शंका घेणारे वर्तमानाबद्दल बरोबर आहेत आणि बाजूने बोलणारे भविष्याच्या शक्यतेबद्दल. पण शक्यता आणि महसूल यांत फरक असतो. आकड्यात उतरेपर्यंत ती शक्यताच.

तुम्ही काय बघायचं?

कंपनीचे निकाल दर तीन महिन्यांनी एक्स्चेंजच्या वेबसाइटवर फुकट मिळतात. पुढच्या वेळी बातमीचं शीर्षक सोडा आणि एवढं तपासा:

१. सेक्राइटचा महसूल किती टक्क्यांनी वाढला? घरगुती विभागाची घट भरून काढण्याइतका आहे का?
२. तुलना मागच्या तिमाहीशी आहे की मागच्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी? दुसरी तुलना जास्त खरी.
३. ग्राहकांकडून यायचे बाकी पैसे महसुलापेक्षा वेगाने वाढतायत का? तसं असेल तर माल गेलाय, पैसे आलेले नाहीत.
४. नफा विक्रीतून आलाय की बँकेत ठेवलेल्या पैशांवरच्या व्याजातून? "इतर उत्पन्न" ही ओळ शोधा.

हे चार प्रश्न कुठल्याही छोट्या सॉफ्टवेअर कंपनीला लागू पडतात. सायबर, एआय, ड्रोन, ज्या शब्दाची हवा असेल त्या कंपनीचे निकाल याच पद्धतीने वाचा.

आणि शेअर घ्या न घ्या, फोनचं मात्र आजच बघा. प्ले स्टोअर उघडा, वर प्रोफाइलच्या फोटोवर टॅप करा, प्ले प्रोटेक्ट चालू आहे का ते तपासा. व्हॉट्सअॅपवर आलेली एपीके फाइल कुणाचीही असो, टाकू नका. आई-बाबांच्या फोनवरही हेच करून द्या. आणि पैसे गेलेच, तर लाजू नका, वेळ घालवू नका: १९३० वर लगेच फोन करा. जितक्या लवकर तक्रार, तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.